नाकाची हजेरी

पिंपळदरा, ता. बीड
२ डिसेंबर १९८६

दाजी,

पाया पडलो असं समजा. प्रत्यक्षात दुधाच्या रिकाम्या कॅनवर पाटी टाकून, पाय पसरून हे लिहितोय. ताईला सांगा की पोहोचलो, पोटभर जेवतो आणि तिनं विणलेला स्वेटर रोज घालतो. यातली तिसरी गोष्ट खोटी आहे, पण ती आपल्या दोघांत राहू द्या.

तुम्ही दूध संघाच्या राधाकिशन आण्णांकडे शब्द टाकलात म्हणून या दुष्काळात मला नोकरी लागली, हे मी विसरलेलो नाही. आईबापू कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेत. माझी नोकरी टिकली तर पुढच्या वर्षी त्यांनी जायचं नाही, असं आमचं ठरलंय. त्यामुळे मी फार शहाण्यासारखा वागतोय. तुमचा विश्वास बसणार नाही, पण वागतोय.

काम संघाच्या दूध शीतकरण केंद्रावर आहे, ते असं. सकाळी आसपासच्या गावांतून जीपनं दुधाचे कॅन येतात. झाकण उघडायचं, नाक आत घालायचं आणि आंबट वास आला तर कॅन बाजूला काढायचा. लॅक्टोमीटर, फॅट वगैरे सगळं त्यानंतर. पास झालेलं दूध मोठ्या टाकीत जातं, गार होतं आणि दुपारी टँकरनं बीडला रवाना होतं. म्हणजे अंबाजोगाईला बी.एस्सी. होऊन तुमचा मेहुणा शेवटी नाकावर पोट भरायला लागला.

इकडे विहिरी आटल्यात, ज्वारी गेली, जनावरं उसाच्या वाढ्यावर, शेंड्याच्या पाल्यावर, जगवलीत. घरं चाललीत ती दुधावर. दुधात पाणी घातल्याची तक्रार मात्र यंदा एकही नाही, कारण घालायला पाणी आणणार कुठून?

आता आमच्या मॅनेजरसाहेबांचं सांगतो. उत्तरेश्वर तिडके त्यांचं नाव. पहिल्याच संध्याकाळी कॅन धुऊन झाल्यावर सगळ्यांना त्यांनी चहाला बसवलं आणि म्हणाले, "आज माझं चुकलं. टँकरवाल्याला मी उशिराची येळ सांगितली. दूध उगंच ताटकळलं." मी इकडेतिकडे बघितलं, कोण हसतंय म्हणून. कुणीच हसलं नाही. मग गार करायच्या मशीनवरचा आश्रुबा उठून म्हणाला, "साहेब, माझं बी एक हाय. सकाळी पान्याचा कॉक उघडाच ऱ्हायला." या पाणीटंचाईत! मला वाटलं, आता आश्रुबाची खैर नाही. साहेब म्हणाले, "बरं झालं बोल्लास. कसं झालं?" आणि चहाचा पहिला कप त्याच्या हातात दिला.

इथली रीतच ती. ज्यानं आपली चूक सांगितली, पहिला कप त्याचा. 'कुणी केलं' असं विचारलेलं मी अजून ऐकलं नाही. शिवाय प्रत्येकानं दुसऱ्याचं काम शिकायचं. आश्रुबा मला मशीन शिकवतो. कॅन धुणारी केशरबाई तेवढी रचलेल्या कॅनच्या पलीकडे बसते आणि आपला चहा तिकडेच पिते. गेल्या वर्षीपर्यंत ती तोडीला जायची, म्हणून तिच्याशी आईच्या गोष्टी निघतात.

माणूस भला आहे की भोळा, हे काही मला अजून कळेना. तुम्ही एवढी माणसं हाताळता. तुमचं काय मत?

तुमचा
शहादेव

कारखाना वसाहत
९ डिसेंबर १९८६

शहादेवास आशीर्वाद.

पत्र वाचलं. करमणूक झाली आणि काळजीही वाटली.

मी बारा वर्षं उसाच्या मिलवर फोरमन आहे. माझ्या पाळीत चूक होत नाही. का होत नाही? कारण समोर कोण उभा आहे हे प्रत्येकाला ठाऊक असतं. मी गेटातून आत आलो की बिडी विझते आणि बोलणं थांबतं. तुझे तिडके चहा पाजून माणसांच्या तोंडून चुका काढून घेतात. आज गोड बोलतील आणि उद्या वरून दट्ट्या आला की तेच तुझ्या माथी मारतील. अशा माणसापासून जपून राहावं.

माझं ऐक. नोकरीत कधी कमीपणा दाखवायचा नाही. येत नसलं तरी येतं म्हणायचं आणि मागाहून शिकून घ्यायचं. डोकं दुखत असलं तरी 'ठणठणीत आहे' म्हणायचं. नव्या माणसानं पहिल्या तीन महिन्यांत 'जमत नाही' म्हटलं की साहेब लोक त्याच्याकडे दुसऱ्या नजरेनं बघायला लागतात. तू एकुलता एक कमावता आहेस. आईबापूंच्या हातातला कोयता सुटायचा असेल तर तुझं तोंड बंद राहिलं पाहिजे.

यंदा ऊस नाही. कारखाना लवकर बंद होईल असं दिसतं. तरी माझी मिल सुरळीत आहे.

आसाराम

पिंपळदरा
४ जानेवारी १९८७

दाजी,

आज थट्टा सुचत नाही.

तुमचं मागचं पत्र मी मनावर घेतलं होतं. गेल्या आठवड्यात मला जबर पडसं झालं. नाक असं बंद झालं की केशरबाईनं मिरचीची फोडणी दिली तरी मला ठसका नाही. सकाळी साहेबांनी नेहमीसारखं विचारलं, "समदे बरे हायेत ना?" मी म्हणालो, "एकदम ठणठणीत."

नेमकी आदल्या रात्री लांबच्या गावाहून येणारी जीप वाटेत बंद पडली होती. त्यातलं संध्याकाळचं दूध रात्रभर तसंच राहिलं आणि सकाळी आलं. मी झाकणं उघडली, नाक आत घातलं, वास घेतल्यासारखं केलं आणि पास केलं. दुसरा कुणी वास घेणारा तिथे नव्हताच. आश्रुबाचं नाक मशीनच्या अमोनियानं कधीच गेलंय.

बीडला दूध उतरवून घेण्याआधी नमुना उकळून बघतात. तिथे ते फाटलं. अख्खा टँकर परत आला.

दाजी, तो टँकर आम्ही गावाबाहेरच्या ओढ्यात रिकामा केला. वर्षभर त्या ओढ्यात पाण्याचा थेंब नाही. त्या कोरड्या वाळूतून दूध वाहत गेलं आणि काठावर गावाची माणसं येऊन उभी राहिली. एक म्हातारा नुसता 'आरारारा' करत होता. माझ्यानं बघवलं नाही.

संध्याकाळी साहेबांनी सगळ्यांना बसवलं. म्हणाले, "जीप रातभर बंद पडल्याचं मला कळलं व्हतं. म्या सकाळी येऊन सांगाया पायजे व्हतं, की त्या गावचं दूध नीट बघा. न्हाई सांगितलं. हे माझं. आता बाकीचं कसं झालं?" मी कपात बघत बसलो. त्या दिवशी पहिला कप तसाच थाळीत राहिला.

संचालक मंडळ खवळलंय. राधाकिशन आण्णा स्वतः आले होते. बारा तारखेच्या बैठकीत एक नाव पाहिजे म्हणतात, नाव न मिळाल्यास तिडकेसाहेबांनी खुर्ची सोडायची. साहेबांनी कुणाकडे बोट दाखवलं नाही. रोज सकाळी आम्हाला तसंच 'बरे हायेत ना' म्हणून विचारतात.

माझं नाक बंद होतं हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. बोललो तर नोकरी जाते आणि आईबापू पुन्हा तोडीला. गप्प राहिलो तर साहेब जातात. काय करू, ते उलट टपाली कळवा.

शहादेव

कारखाना वसाहत
७ जानेवारी १९८७

शहादेव,

काही करू नकोस. गप्प राहा.

नाकाचा काही पुरावा असतो का? जीप बंद पडली, दूध नासलं, संपलं. मॅनेजर हा मॅनेजर असतो, जबाबदारी त्याचीच असते आणि पगारही त्याला त्याचाच मिळतो. शिवाय मी आण्णांकडे शब्द टाकलाय. 'आसारामचा मेहुणा' म्हणून त्यांनी तुला घेतलं. उद्या तू भर बैठकीत 'मीच तो' म्हणालास तर मी त्यांना कोणतं तोंड दाखवू?

तिडके भला माणूस असेल, पण भल्या माणसापायी तू घर बुडवायचं कारण नाही. बैठकीच्या दिवशी अंगात ताप आहे म्हण आणि झोपून राहा.

आसाराम

(शहादेव, यांनी पत्र पाकिटात घालायला दिलं म्हणून मला ही दोन ओळींची जागा मिळाली. मला दुधातलं कळत नाही. तुला रात्री झोप लागते का, एवढं बघ आणि त्याप्रमाणे कर. – ताई)

पिंपळदरा
१८ जानेवारी १९८७

दाजी,

तुमचं ऐकलं नाही. आधी ते सांगून टाकतो, म्हणजे उरलेलं पत्र फाडायचं की वाचायचं हे तुम्हाला ठरवता येईल.

बारा तारखेला सकाळी साहेब ऑफिसात एकटेच होते. मी आत गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. पडसं, खोटं बोललो ते, वास घेतल्याचं सोंग, सगळं. साहेबांनी ऐकून घेतलं. मला वाटलं, आता गेलो.

ते म्हणाले, "आता कसं हाय नाक?"

मी म्हणालो, "उघडलं."

"दवाखान्यात दावलं व्हतं का?"

"न्हाई."

"कावून बे? नाकावर नोकरी हाय तुझी." मग ते खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसले. "वास घेनाऱ्या मानसाला कधी ना कधी पडसं होनारच. एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात न्हाई आली. समदं केंद्र म्या एका नाकावर ठिवलं. पन मला एक सांग, त्या दिशी सकाळी म्या इचारलं तवा तुला 'बंद हाय' म्हनायला भ्या कशाचं वाटलं?"

दाजी, मी तुमचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणालो, की नव्या माणसानं कमीपणा दाखवू नये असं ऐकलं होतं. ते हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. म्हणाले, "म्हंजी म्या अजून कुटंतरी कमी पडतोय." चूक माझी आणि कमी ते पडतात! मला भडभडून आलं. मी रडलो, हेही सांगून टाकतो.

मग त्यांनी विचारलं, "बैठकीत तुझं नाव घिऊ का? न्हाई म्हनलास तरी चालंल. म्या माझं बघून घीन." मी म्हणालो, "घ्या. पन मी बी येतो."

आम्ही बाहेर आलो तर दारात केशरबाई. तिनं सगळं ऐकलं होतं. पदराला हात पुसत म्हणाली, "साहेब, त्या दिशी रिकामे कॅन धुताना मला आंबूस वास आलता. टँकर तवा भरतच व्हता. मला वाटलं, ह्या शिकलेल्या मानसाला ठावंच असंल. मी कावून मधी बोलू?" साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. "बाई, रोज आमी गोल करून बसतो आन् तुमी कॅनच्या आड. तुमाला इकडं या असं म्या एकदा बी म्हनलो न्हाई. हे बी माझंच."

बैठकीत मी आण्णांसमोर उभा राहून सांगितलं. दोन संचालक एकदम म्हणाले, "काढा ह्याला." तिडकेसाहेब उठले. आवाज चढवला नाही. "काढा. पन पुढच्या बारीला कुनाचं नाक बंद झालं तर मला कोन सांगंल? ह्याला काढल्यालं समद्यांनी बघितल्यालं आसंल. पुन्हा टँकर ओढ्यात. ह्या पोरानं सोताहून सांगितलंय, तवा कुटं भोक बुजवायचं ते कळलं. जबाबदारी माझी हाय, काय ती शिक्षा मला करा."

आण्णांनी मिशीवरून हात फिरवला. शेवटी साहेबांची वर्षाची वेतनवाढ रोखली आणि मला ताकीद देऊन ठेवलं. तुमच्या शब्दाचं आण्णांनी काही काढलं नाही. बाहेर पडताना एवढंच म्हणाले, "आसारामला सांग, पोरगं धीराचं हाय."

वेतनवाढ गेली त्याची मला फार टोचणी आहे. साहेबांना तसं म्हटलं तर म्हणतात, "त्ये माझं मी बघीन, तू नाक सांभाळ."

आता आमच्याकडे रोज सकाळी नाकाची हजेरी असते. एका वाटीत ताजं दूध, एकात जरासं उतरलेलं. डोळे मिटून वास घ्यायचा आणि आंबट वाटी ओळखायची. ज्याला येणार नाही त्यानं त्या दिवशी कॅन धुवायचे, पगार तोच. परवा मी हरलो आणि दिवसभर कॅन घासले. कुणी काही म्हटलं नाही. प्रत्येक कॅनला आता दोन नाकं लागतात. दुसरं नाक केशरबाईचं. ती लॅक्टोमीटर वाचायला शिकतेय, मी शिकवतोय. चुकली की पदर तोंडावर घेते आणि पुन्हा वाचते. संध्याकाळी आता गोलात बसते.

दाजी, साहेबांचा स्वभाव तुम्ही म्हणता तसा नाही. मी असा माणूस दुसरा बघितला नाही. रागावला असाल तर रागवा, पण उत्तर लिहा. आणि एक विचारू का? तुमच्या पाळीत चुका खरंच होत नाहीत, की तुमच्यापर्यंत येत नाहीत?

शहादेव

कारखाना वसाहत
३ फेब्रुवारी १९८७

शहादेव,

हे पत्र मी यांच्या नकळत लिहितेय. उत्तर आलं नाही म्हणून तू चरफडत असशील. तुझं पत्र यांनी 'फाडून टाकलं' म्हणून सांगितलं. ते उशीखाली आहे. चादर झटकताना मला सापडलं. घड्या इतक्या वेळा पडल्यात की कागद फाटायला आलाय.

इकडे बरं नाही. मागच्या आठवड्यात मिलचं बेअरिंग तापून जाम झालं आणि मिल दोन दिवस बंद राहिली. यांच्या पाळीतल्या सटवा फिटरला ते आधीच कळलं होतं. बिचारा फोरमनसाहेबांना सांगायच्या भीतीनं बादलीनं पाणी ओतत राहिला. हे कळल्यावर यांनी सगळ्यांदेखत त्याला इतकं सुनावलं की तो कामावर यायचाच थांबला. त्याची बायको माझ्याकडे येऊन बसली होती.

हे कुणाशी बोलत नाहीत. परवा जेवताना मात्र अचानक म्हणाले, "त्या तिडक्याची वेतनवाढ गेली म्हणे." मी म्हटलं, "हो." तर ताटावरून उठून गेले.

तू काही लिहू नकोस. मी आहे.

तुझी ताई
(स्वेटर घालत नव्हतास हे मला पडसं ऐकल्याबरोबर कळलं. भेटलास की बघते.)

कारखाना वसाहत
२१ फेब्रुवारी १९८७

शहादेवास,

उत्तराला उशीर झाला. रागावलो होतो, हे खरं. आण्णांची गाठ मधे बीडला पडली. मी तोंड चुकवून स्टँडकडे निघालो होतो. त्यांनीच हाक मारली आणि तुझं कौतुक केलं. मी काय बोलणार? मी तर तुला ताप आला म्हणून झोपायला सांगितलं होतं. तू माझं ऐकलं नाहीस, बरं केलंस.

शिवाय 'कमीपणा दाखवू नये' हे कुठे ऐकलं, हे तू तिडकेसाहेबांना सांगितलं नाहीस. ते वाक्य मी पुष्कळदा वाचलं. त्या दुधात माझाही हात होता, शहादेव. त्यांना तसं सांग. माझा नमस्कारही सांग. त्यांच्यासारखं धाडस मला जमेल असं वाटत नाही, पण त्या माणसाबद्दल मी जे लिहिलं ते मागे घेतो.

सटवाच्या घरी मी गेलो होतो. तुझ्या ताईनं पाठवलं असं लोकांना वाटतंय, वाटू दे. त्याला म्हणालो, कामावर ये. तो आला. पण मी दिसलो की तो यंत्राच्या पलीकडे जायचा. पाळी सुरू होताना मी सगळ्यांना दोनदा विचारून बघितलं, की काही अडचण आहे का. सगळे माझ्या पायाकडे बघत उभे राहिले.

आणि काल सटवा आपणहून माझ्यासमोर येऊन उभा राहिला. टोपी हातात. म्हणाला, "साहेब, कन्व्हेअरचा एक बोल्ट माझ्याच्यानं ढिला ऱ्हायलाय. आत्ता ध्यानात आलं." चालत्या कन्व्हेअरचा बोल्ट! डोक्यात सणक गेली. तोंड उघडलंच होतं. पण कसंबसं म्हणालो, "बरं झालं सांगितलंस. कसं झालं?"

तो माझ्याकडे टक लावून बघत राहिला. मग एक पाऊल पुढे आला आणि फार काळजीनं, अगदी हळू विचारलं, "साहेब, तब्येत बरी हाय ना तुमची?"

मी म्हणालो, बरी हाय. त्यानं मिल थांबवायला लावली आणि तो बोल्ट आवळायला गेला. मी तिथेच उभा राहिलो. बारा वर्षं हा माणूस माझ्या हाताखाली आहे आणि मी त्याच्याशी एक वाक्य नीट बोललो, तर त्याला वाटलं मी आजारी आहे. फार लागलं रे मला ते.

तुझा
आसाराम